झेक पावण्यांची वही

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग सेक्शनला कामाला होते. तेव्हा आमच्याकडे एक झेक फिटर दीड महिना राहून गेले. मालकांनी त्यांच्या देशातून एक जुनं पण दणकट मोल्डिंग मशीन आणलं होतं, आणि ते बसवून द्यायला हा माणूस आला होता. वय साठीला टेकलेलं, केस पांढरे, हात एखाद्या पैलवानाचे. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येईना. मग शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यातल्या, लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'पावणं' करून टाकलं. तेही दुसऱ्या दिवसापासून या हाकेला ओ देऊ लागले.

त्यांच्या देशाची तेव्हा नुकतीच वाटणी झाली होती. हे कळल्यावर शॉपवर त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाढली. भाऊबंदकी म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही. "बांधावरनं कोर्टात गेलते का न्हाय, इचारा की," असं एका मोल्डरनं मला विचारायला लावलं. भांडण न होता वाटणी झाली, असं पावणं म्हणाले. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

रविवारी त्यांना गाव दाखवायचं काम मालकांनी माझ्या गळ्यात मारलं. मला इंग्रजीची चार वाक्यं येत होती आणि मी शिवाजी पेठेतली होते, एवढीच माझी लायकी. मला राग आला होता. आठवड्यात एक रविवार मिळतो, त्यात डोकं धुवायचं, कपडे धुवायचे, आणि वर हे. पण राग आला तरी घाबरले मात्र नाही. पेठेत जन्मलेल्या माणसाला जुनं गाव दाखवता येणारच, असा मालकांचा समज होता. माझाही होता.

पहिल्या रविवारी आम्ही भवानी मंडपात उभे राहिलो. शाळेला, क्लासला, साडीला फॉल लावायला, अशी मी त्या मंडपातून हजार वेळा सायकल काढली असेल. पावणं नगारखान्याकडे मान वर करून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हे कधी बांधलं?"

मला काडीची कल्पना नव्हती.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. कोल्हापुरात कुणालाही पत्ता विचारा, 'माहीत नाही' असं उत्तर मिळणार नाही. ठाऊक नसलं तरी माणूस पानाची पिंक टाकून येईल, हात लांब करेल आणि सांगेल, "ह्या बोळातनं सरळ जावा, फुडं कुणालाबी इचारा." तेवढ्यात आणखी दोघं येतील आणि दोन वेगळ्या दिशांना हात करतील. यात फसवायचा हेतू नसतो. विचारणाऱ्याला तसंच पाठवणं बरं दिसत नाही, एवढंच. मीही याच गावची. मी एक साल ठोकून दिलं, आणि कुठल्या राजाच्या काळात तेही.

पावण्यांनी खिशातून वही काढली. साल लिहिलं. मग दुसऱ्या खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली आणि त्या सालाखाली पेन्सिलीनं सरळ रेघ मारली. फिटर माणूस, रेघसुद्धा पट्टी लावून मारतो, असं म्हणून मी मनात हसले.

एकदा सुरुवात झाली की पुढं सोपं जातं. अंबाबाईच्या देवळाच्या आवारात त्यांनी दीपमाळेवर दिवे किती बसतात ते विचारलं. मी म्हणाले, एकशे आठ. आपल्याकडे कशालाही एकशे आठ चालतं. जुन्या राजवाड्यापाशी मी त्यांना माझ्या वडिलांची, आबांची, आवडती हकिकत सांगितली, की इथून निघालेलं भुयार थेट पन्हाळ्यावर निघतं आणि त्यातून घोडेस्वार जाई. बिंदू चौकातल्या जुन्या तटापाशी त्यांना दगडातलं एक भोक दाखवलं आणि तो तोफगोळ्याचा मार असल्याचं सांगितलं. हेही आबांचंच. माझे आबा वायरमन होते. तीस वर्षं त्यांनी जुन्या गावातल्या खांबांवर चढून तारा ओढल्या होत्या आणि गल्लीतल्या प्रत्येक भिंतीची हकिकत त्यांच्याकडे होती. लहानपणी सायकलच्या नळीवर बसवून ते मला सगळं सांगत. पेठेत कुणाचं कशावर अडलं की लोक म्हणत, "वायरमनला इचारा."

दीपमाळेचं मात्र थोडं अवघड झालं. मी प्रसादाच्या रांगेत असताना पावणं तिथं उभे राहून मोजत होते. मी परत आले तर त्यांचा चेहरा पडलेला. म्हणाले, "मी तीन वेळा मोजलं. माझे एकशे आठ भरत नाहीत. माझे डोळे आता म्हातारे झाले." आणि वहीत एकशे आठ लिहून खाली सरळ रेघ मारली. मी पेढा दिला त्यांच्या हातात.

दुसऱ्या रविवारी रंकाळा. तिथल्या नंदीची गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. हा नंदी दरसाल गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि तळ्याला जाऊन भिडला की जगबुडी. पावण्यांनी हे ऐकून घेतलं, आणि गव्हाच्या दाण्याची लांबी विचारली. मग तांदूळ कुठला, लांब की आखूड, ते विचारलं. मी म्हणाले, "अहो, गोष्ट आहे ती." तर ते मोठ्यानं हसले, "म्हणजे गोष्ट! छान." आणि नंदीच्या ओळीखाली त्यांनी पट्टी न लावता नागमोडी रेघ काढली. मला वाटलं, हात थकला असेल.

त्या दिवशी तळ्याच्या कठड्यावर बसून त्यांनी मला त्यांचं गाव दाखवलं. खिशात आठ पोस्टकार्डं होती, कडा मऊ झालेली. इतकं लहान गाव, की आपल्या पेठ वडगावच्या बाजारादिवशी जेवढी माणसं जमतात, तेवढीसुद्धा तिथं राहत नसतील. मधोमध चौक. चौकाला चारही बाजूंनी घरं, आणि घरांच्या खालच्या मजल्याला कमानींचा ओवरा. पाऊस लागला तरी माणूस न भिजता अख्खा चौक फिरून येऊ शकतो. एका अंगाला टाउन हॉल, त्यावर घड्याळ. पलीकडे चर्चचा मनोरा. मधे एक उंच दगडी खांब, वर मेरीमातेची मूर्ती. त्यांच्या बोटानं त्या कार्डावर जी फेरी मारली, तशी फेरी मी भवानी मंडपात कधी मारली नव्हती. कुठल्या कमानीचा दगड बदललाय, मनोऱ्याची कितवी पायरी झिजलीय, घड्याळ थंडीत किती मागं पडतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी ते मनोऱ्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव दाखवत. पगार नाही, काही नाही.

"बायको म्हणते, मी तिच्यापेक्षा मनोऱ्याबरोबर जास्त राहतो," ते म्हणाले. मग आम्ही गंगावेशीत जाऊन कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालो. समोर म्हैस पिळून पेला थेट हातात मिळतो, हे पाहून त्यांनी वहीत म्हशीचं चित्र काढलं.

तिसऱ्या रविवारी नदीच्या घाटाचीही मी एक हकिकत रचून सांगितली. रविवार असे गेले. मशीन बसलं, चालू झालं, मालकांनी नारळ फोडला. पावण्यांच्या जायच्या आधीच्या शनिवारी ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. सगळं कोल्हापूर त्यांनी कोऱ्या पानांवर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं. मंडप, देऊळ, तट, रंकाळा, घाट, प्रत्येकाची छोटी चित्रं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या टाउन हॉलच्या वरच्या दालनात ते आमच्या गावावर बोलणार होते, स्लाइड दाखवणार होते. बायकोनं कमानीखाली पाटीसुद्धा लावली होती. पहिल्या पानावर खाली माझं नाव होतं. 'हे मला हिनं सांगितलं.'

मी खूश झाले. आणि सहज विचारलं, काही ओळींखाली सरळ रेघ आणि काहींखाली नागमोडी, असं का?

ते म्हणाले, मनोऱ्यावर उभं राहून माणसांना गाव दाखवायचं तर आधी स्वतःशी स्पष्ट असावं लागतं. जे नक्की ठाऊक आहे, त्याखाली सरळ रेघ. जे लोक सांगतात, त्याखाली नागमोडी. आणि जे ठाऊक नाही, तिथं नुसतं एक रिकामं वर्तुळ काढायचं. हिवाळ्यात मनोऱ्यावर कुणी येत नाही, तेव्हा त्या वर्तुळांची उत्तरं शोधायची. त्यांचे वडीलही असंच करत.

मी पानं उलटली. सगळीकडे सरळ रेघा. नंदीची तेवढी नागमोडी. वर्तुळ एकसुद्धा नाही. मी इतकं ठासून सांगितलं होतं, की त्यांना वर्तुळ काढायची वेळच आली नव्हती.

मी वही मिटली. त्यांच्या गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती, आणि ती त्यांनी असल्या रेघांवर आयुष्यभर सांभाळली होती. आता ते भर सभेत उभे राहून माझ्या थापा सरळ रेघेसकट सांगणार होते. उद्या कुणी शहाणा पुस्तक उघडून बसला, तर त्या चौकात खाली मान घालून त्यांना फिरावं लागणार होतं.

संध्याकाळी घरी आबांना सांगितलं. ते अंगणात आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"त्येनं इचारलं, तू दिलंस. घरी आलेल्या पावण्याला मोकळ्या हातानं लावून देत्यात व्हय?"

"पण ते खोटं होतं, आबा."

"कुणाचं काय गेलं त्यात?"

"त्यांची अब्रू जाणार आहे. त्यांच्या गावात."

आबांनी पेपरचं पान उलटलं आणि तेच पान पुन्हा परत उलटलं.

रविवारी सकाळी मी पावण्यांना भवानी मंडपातच भेटायला बोलावलं. वाक्यं आदल्या दिवशी घोकून ठेवली होती, ती ऐनवेळी सगळी विसरले. नुसतं म्हणाले, "नगारखान्याचं साल मला माहीत नव्हतं. मी बनवून सांगितलं." त्यांनी चष्मा काढला. मी पुढं सांगत गेले. राजाचं नाव, घाटाची हकिकत, दीपमाळ.

"एकशे आठसुद्धा?"

"हो."

"मग माझे डोळे ठीक आहेत," ते म्हणाले. ते हसले नाहीत. मंडपात शाळेची सहल आली होती, पोरं दंगा करत होती, आणि आम्ही दोघं त्या गोंधळात ठोंब्यासारखे उभे होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या कशा खायच्या ते मला पेठेनं शिकवलं होतं. हे असं गप्प उभं राहणं शिकवलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी वही उघडली. खोडरबर काढलं. सालाखालची रेघ पुसली, साल पुसलं, आणि तिथं वर्तुळ काढलं. "भुयार?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते आणि तटाचं भोक मी बनवलेलं नाही, ते वडिलांनी सांगितलेलं आहे. खरं की खोटं ते मला माहीत नाही. हे शब्द तोंडातून निघताना जीभ अडखळली. पण निघाले.

"मग वडिलांना विचारू," ते म्हणाले.

हे मला नको होतं. आबांसमोर कुणी त्यांचं काही तपासायला बसलं असं पेठेत कधी झालं नव्हतं. वाटेत मी ठरवत होते, की आबा ठासून काहीतरी सांगतील, मी भाषांतरात ते मऊ करून टाकीन. म्हणजे पुन्हा थापच, फक्त इंग्रजीत.

आबांनी पावण्यांना खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. चहा झाला. पावण्यांनी पानावर बोट ठेवलं आणि अदबीनं विचारलं, भुयार तुम्ही पाहिलं आहे का? मी आबांना मराठीत विचारलं.

आबांनी खाकरून सुरुवात केली, "आमचं आजोबा सांगायचं..." आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता देव जाणे. ते थांबले. हातातली कपबशी खाली ठेवली.

"न्हाय," आबा म्हणाले. "म्या बघितल्यालं न्हाय. कुणी बघितलंय का, त्ये बी मला म्हाईत न्हाय."

सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्यांना ते किती जड गेले ते मला दिसत होतं. अख्खी पेठ ज्याला विचारायला येते तो माणूस परक्या माणसासमोर, स्वतःच्या दारात, पोरीसाठी हे बोलला. मला रडू यायला लागलं. पण भाषांतर कोण करणार? मी केलं, शब्दाला शब्द.

पावण्यांनी भुयाराखालची सरळ रेघ पुसली आणि नागमोडी काढली. मग त्यांचं बोट तटाच्या भोकावर आलं.

आबांनी गुडघा चोळला. "त्यो गोळ्याचा मार न्हाय. त्ये भोक म्याच पाडलंय. तारंचा ब्रॅकेट ठोकायचा हुता. साहेबानं नंतर दुसरीकडनं लाइन नेली, ब्रॅकेट काढला, भोक ऱ्हायलं. लोक इचाराय लागली ह्ये काय, तर म्हटलं तोफगोळा."

मी आबांकडे बघतच राहिले. लहानपणी मी त्या भोकात बोट घालून शत्रूला शिव्या दिल्या होत्या. मी हे इंग्रजीत सांगितलं, तर पावण्यांनी आधी ब्रॅकेट किती इंची होता ते विचारलं. आबांनी बोटांनी माप दाखवलं. आणि मग तो माणूस असा हसायला लागला, की खुर्ची हलली आणि शेजारची काकू भिंतीवरून डोकावली. डोळे पुसत त्यांनी तोफगोळा खोडला, वर 'ब्रॅकेट' लिहिलं आणि पट्टी लावून, सावकाश, खाली सरळ रेघ मारली. म्हणाले, "हे मात्र नक्की. करणारा समोर बसलाय."

आबाही हसले. मग त्यांनी जे केलं तेही मला नवीन होतं. त्यांनी पावण्यांना प्रश्न विचारला. "तुमचं गाव कसं हाय, त्ये सांगा की." पोस्टकार्डं बाहेर आली. आबा एकेक कार्ड हातात घेऊन दूर धरून बघत होते. ओवऱ्याच्या कमानी मोजल्या. मनोऱ्यावर चढायला शिडी आहे का पायऱ्या, ते विचारलं. चौकातला खांब कशाचा, म्हणून विचारलं. पावणं म्हणाले, गावात प्लेग आला होता. त्यातून जी माणसं वाचली, त्यांनी आभार मानायला हा खांब उभा केला.

"प्लेगात आमची माणसं रानात झोपड्या घालून ऱ्हायली हुती," आबा म्हणाले. मग कार्डाकडे बघत म्हणाले, "पर आभाराचा खांब न्हाय बांधला कुणी. आमचं खांब निस्तं तारंसाठी." दुपारी पावणं आमच्याकडेच जेवले. पांढरा रस्सा त्यांनी चार वाट्या प्यायला, तांबड्याची एक वाटी प्यायल्यावर मात्र पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

सोमवारी ते गेले. जाताना मला म्हणाले, "आता वर्तुळं जास्त आहेत. हिवाळा लांबलचक आहे आमच्याकडे." माफ केलं की नाही, ते काही बोलले नाहीत. मीही विचारायचं धाडस केलं नाही.

त्यांच्या वहीतली वर्तुळं मी माझ्या वहीत उतरवून घेतली होती. आबा आणि मी दर रविवारी एकेक घेऊन बाहेर पडू लागलो. पुजाऱ्यांना विचारलं, ग्रंथालयात बसलो, एका निवृत्त मास्तरांचं डोकं खाल्लं. दीपमाळेचे दिवे आबांनी स्वतः मोजले. पुढं दोन हजार सालानंतर आबांना चालवेना, तेव्हा मी एकटी जाई आणि संध्याकाळी येऊन त्यांना सांगे. ते विचारत, "सरळ का वाकडी?" आणि त्याप्रमाणे ऐकत. माझं गाव मला असं मिळालं. परक्या मुलुखातल्या एका फिटरमुळे मिळालं, आणि याचे उपकार मी कुठल्या खांबावर कोरणार? म्हणून इथं लिहिते आहे.

त्यांचं पत्र ते गेले त्याच वर्षी, ऐन पावसाळ्यात आलं. एवढे महिने मी धाकधुकीत काढले होते. दालन भरलं होतं, खुर्च्या कमी पडल्या, असं त्यांनी लिहिलं होतं. नंदीची गोष्ट लहान मुलांना फार आवडली. ब्रॅकेटला सगळ्यात जास्त हशा झाला. कोल्हापूरची पहिली स्लाइड लावायच्या आधी आपण सभेला काय सांगितलं, तेही त्यांनी जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं. मी ते आबांना मराठीत वाचून दाखवलं:

"मला हे गाव दाखवणाऱ्या मुलीनं शेवटच्या रविवारी येऊन, आपण कुठं कुठं खोटं सांगितलं ते एकेक करून सांगितलं. तिच्या वडिलांनीही सांगितलं. त्यामुळे आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुम्ही बिनघोर विश्वास ठेवा."

आबा मग म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.